दुसरा ज

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नाही म्हणजे नाही. दिवाळीले घरी येणार नाही हे बापूले मी दिग्रसच्या बसस्टँडवर सांगतलं, यवतमाळले बस बदलली तेव्हा फोनवर सांगतलं, तरी मारेगावले उतरलो तं पुन्हा बापाचाच फोन. म्हणे, लखन, उज्वलाले जाऊन दोन महिने झाले, यंदा तिचं पहिलं धबुकार आहे. अंगारावर लापशी टाकून तिचं नाव तू घे, बहिणीचा तुझ्यावर जीव होता. मी म्हटलं, तुमचं तोंड काय शिवलं आहे? तुम्ही घ्या. मग म्हणे, पुण्यात टिकला नाही, सुरतेत टिकला नाही, आता जंगलात कोणता झेंडा लावतं? मी फोन कापला.

बाकी नव्या कामाची जागा मस्त आहे. रिसॉर्ट रस्त्यापासून चांगला आत आहे, चारी बाजूनं फुटलेली कपाशी. आठ कॉटेज, मधात हिरवळ, एक लहानसं तळं. मले स्वतःची खोली, खाट, पंखा. स्वयंपाकाले वच्छलाबाई आहेत, मारेगावच्या. मले पाहूनच म्हणे, काय बाप्पा एवढा वाळका, वाऱ्यानं उडून कोणाच्या वावरात जाऊन पडशीन! अन् ताटात तिसरी भाकर टाकली. हसलो. लय दिवसानं हसलो.

मॅनेजर सुरभी मॅडम नागपूरच्या. ३१ तारखेले पाहुणे येणार, हॅलोविन आहे. मी विचारलं, हे कोणतं वीण? तं त्यांनी ही वही दिली. म्हणे, मी सांगते ते लिही, पाठ कर, पाहुण्यांना सणाच्या गमती तूच सांगायच्या. चौथी शिकलेल्याले वही! पण लिहायले बसलो तं बरं वाटून राह्यलं, म्हणून हेबी लिवलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

पाठ करायचं ते असं. हॅलोविन लय जुना सण. आयर्लंड नावाचा देश आहे, तिथं पीक घरात आलं अन् थंडी लागली की करत. त्या दिवशी जित्या अन् मेलेल्यांच्या मधातलं दार उघडं राहते म्हणे. पहिले तिथले लोक सलगम कोरून दिवा ठेवत. मग बोटीनं अमेरिकेले गेले, तिथं कोहळे, म्हणजे लाल भोपळे मिळाले, मोठे अन् कोरायले नरम. मुखवटा कायले लावत? तं मेलेल्यानं ओळखू नये, आपल्यातलाच समजून पुढं निघून जावं. गरीब लोक दारोदार जात, घरवाले गोड पाव देत, अन् ते त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. आता पोरं चॉकलेट मागत फिरतात, ते तिथूनच आलं.

मी म्हटलं मॅडम, हे तं आमच्या बंजारा तांड्यातलं झालं. काळ्या अमावस्येले पोरी दिवा घेऊन घरोघरी फिरतात, 'तोन मेरा' म्हणतात, म्हणजे तुमचं भलं होवो. त्यांच्या दिव्यात पैसे टाका लागते, रिकामं पाठवायचं नसते. अन् दुसऱ्या दिवशी मेलेल्यांले जेवण, तेच धबुकार. अमावस्या यंदा ३१ लेच आहे. मॅडम टाळी वाजवून म्हणे, अरे मग हे तर तुझंच हॅलोविन!

चाळीस कोहळे आले. वच्छलाबाई सुरीले हात लावेना. अख्खं कोहळं म्हणजे घरचा मोठा लेक, बाईनं फोडायचं नसते, पहिला घाव माणसाचाच. चाळीसबी मी फोडले. हात आखडून गेला. त्यांनी गर वाया जाऊ दिला नाही, गोड बोंडं तळली.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज थर्माकोलची थडगी केली. मॅडम म्हणे, नावं टाक कोणतीही, मजेदार. ब्रश धरला अन् हातानं जे आपोआप येते तेच लिवलं. उज्वला. न अडखळता येणारं मले ते एकच नाव. तिनंच शिकवलं, हात धरून, गिरवून गिरवून. यंदा दहावीत होती ती, मले भिया म्हणे, मी तिले बाई. अक्षर चुकलं तं लाल पेनानं वर सुधारून दे. गणिताचं उत्तर चुकलं तं नुसता चौकोन करे, म्हणजे पुन्हा कर.

आमच्यात बिनलग्नाच्याले पुरतात. तिच्यावर दगड आहे, नाव नाही. नाव मी तिले इथं दिलं, लोकांच्या मजेसाठी. पुसायले पाह्यजे होतं. पुसलं नाही.

तापानं गेली ती. दिग्रसच्या दवाखान्यातून तिचाच फोन आलता, म्हणे यवतमाळले न्या लागते, गाडीले साडेचार हजार पाठव भिया. माझ्याजवळ पैशे नव्हते. असते तं पाठवले नसते काय?

२६ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी थडग्याच्या पाटीवर उज्ज्वला लिवलेलं होतं. दोन ज.

मी एकच लिवतो. पहिल्यापासून. राखीच्या ओवाळणीच्या पाकिटावर माझं अक्षर पाहून ती ओरडे, भिया, माझा एक ज कायम तूच खातं का रे! मॅडमले विचारलं, त्या म्हणे, मी नाही, पण बरं केलंस सुधारलंस ते. वच्छलाबाईले वाचता येत नाही. तिसरं इथं कोणी नाही.

त्या ज ची शेपटी खाली लांब ओढून वळवली आहे. तशी ती ओढे.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ही वही उशीखाली ठेवतो मी. आज उघडली तं शुक्रवारच्या पानावर लाल शाई. 'पैशे' च्या वर 'पैसे' लिवलं आहे. 'उज्वला' जिथं जिथं आहे तिथं दुसरा ज.

लाल पेन माझ्याजवळ नाही. मॅडमजवळबी नाही, विचारलं.

'नव्हते' भोवती चौकोन आहे.

नव्हते बरोबर लिवलं आहे. अक्षर चुकलं नाही. अक्षर —

२९ ऑक्टोबर, मंगळवार

ठीक आहे. होते. तीन हजार होते. ती साडेचार मागत होती, तिनात काय झालं असतं? मी म्हटलं, पगार झाला नाही. ती म्हणे, बरं भिया, राहू दे, तू जेवला का? आवाज पार बसला होता, तरी विचारलं. बापूले गाडी जमवता जमवता सकाळ झाली. सकाळी गाडीचं काम उरलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी मोबाइल घेतला. नवा. त्याच्यावर पहिला फोन बापूचाच आला.

आता लिवलं मी. झालं ना आता?

३० ऑक्टोबर, बुधवार

'तीन' भोवती चौकोन.

वच्छलाबाई म्हणे, काहून असा पिवळा पडला? सांगतलं थोडं. पैशाचं नाही सांगतलं. त्या म्हणे, जाय बाप्पा घरी. भाऊच नाव नाही घेईन तं ते लेकरू कोणाले विचारीन? मग स्वतःच येईन विचारायले.

दुपारी फाट्यावर गेलतो, पिशवी घेऊन. यवतमाळची बस आली. माझ्यासमोर थांबलीबी. कंडक्टर म्हणे, चढतं का फोटो काढू?

चढलो नाही. नाव घेताना बापू माझ्या तोंडाकडे पाहीन. त्याले समजीन.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

पाहुणे आले. मले हाडक्याचा मुखवटा दिला. घातला तेव्हापासून काढला नाही. जेवलोबी नाही. मेलेल्यानं ओळखू नये, आपल्यातलाच समजून पुढं निघून जावं. पाठ आहे मले. पाठ आहे.

दिवेलागणीले

पोरं कॉटेज-कॉटेजनं फिरून राह्यली, पिशव्या घेऊन, भुतं बनून. सगळ्यांच्या तोंडाले मुखवटे. एकीच्या तोंडाले नाही. तिच्या हातात दिवा. कोणीच तिच्याकडे पाहत नव्हतं. ती एकाबी कॉटेजपाशी थांबली नाही — हिरवळीवरून सरळ — त्या पाटीपाशी वाकली, आपलं नाव वाचलं —

मी मुखवट्यात होतो. सगळ्यांसारखा मुखवटा.

माझ्यासमोर येऊन म्हणे, भिया, तोन मेरा.

खोलीत आलो. कडी लावली. दाराखालून उजेड येऊन राह्यला. हलत नाही. ती वाट पाहते. रिकामं पाठवायचं नसते.

मुखवटा काढला. उज्ज्वला. उज्ज्वला. बघ, बरोबर लिवलं. उद्या पहिल्या गाडीनं येतो, अंगारावर मीच — बापूसमोर — सगळं सांगीन —

फोन हातात आहे. तोच फोन. बापूले पाठवून राह्यलो. तेव्हा खिशात होते तेवढे, पाच हजार —

दार उघडलं नाही तरी उजेड आत आहे — वहीवर — कोणी हात धरला माझा — थंड, जसा गिरवताना धरे तसा — पाचभोवती चौकोन होऊन राह्यला, लाल, माझ्याच पेनातून —

पुन्हा करतो. पुन्हा करतो, बाई. खरं खरं. पाठवतो —

सात हजार दोनशे रुपये