यादीतले शेवटचे नाव

प्रिय झोहरा,

तुझ्यावर आणि आपल्या घरावर ईश्वराची शांती असो.

ट्यूनिसला सुखरूप पोहोचलो. आपला अनीस आणि त्याचा जोडीदार गस्सान माझी उत्तम काळजी घेतात. तू न बोलता बांधून दिलेला खजुरांचा डबा अनीसने येताक्षणीच फोडला. तुझा गुडघा कसा आहे?

जुनी हस्तलिखिते वाचण्यासाठी अनीस जी संगणकप्रणाली घडवतो, ती सर्वांना खुली आहे. देशोदेशीची माणसे मिळून ती घडवतात. त्याने त्यांना चार वर्षांपूर्वी लिहिलेली चिठ्ठी मला दाखवली: ‘माझं गस्सानवर प्रेम आहे. बाबांना सांगायची हिंमत होत नाही.’ आपल्याला त्याने हे या वसंतात सांगितले. परक्यांना चार वर्षे आधी! कुराणातल्या युसुफच्या भावांच्या मत्सराची गोष्ट मी आयुष्यभर मुलांना शिकवली. तोच मत्सर माझ्याच छातीत घर करील, असे वाटले नव्हते.

“काका, किती रागानं बघता त्या संगणकाच्या पडद्याकडे! ती माणसं काय चावतात?” गस्सान म्हणाला.

“माझा मुलगा पळवलाय त्यांनी.”

“मग तुम्हीही या की आत. दार उघडंच आहे.”

काल त्या प्रणालीने वाचलेल्या कुराणाच्या एका आयतीतील चुकलेली स्वरखूण मी त्यांना दाखवली. त्यांनी आभार मानून ती सुधारली आणि सहकाऱ्यांच्या यादीत माझे नाव घातले, सर्वांत शेवटी.

“बापाला वरची जागा नाही?”

“बाबा, जो जेव्हा येतो, तेव्हाची जागा त्याला मिळते,” अनीस म्हणाला.

झोहरा, वसंतापासून तू त्याच्याशी बोललेली नाहीस. मला उशीर झाला. तू करू नकोस.

तुझाच,
लमीन