कानाखालची जखम

ती. दादास धाकट्याचा नमस्कार.

मी खुशाल आहे. घरी फोन तात्याच उचलतात, म्हणून हे पत्र वहिनीच्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. तू एकट्यानेच वाच. वहिनीचा खोकला थांबला का?

इथे परदेशात विमान बदलायचंय, पुढच्याला बराच वेळ होता, म्हणून गावात चक्कर मारून आलो. सलून दिसल्यावर पाय पुढे जाईनात. न्हाव्याचा मुलगा ना मी! दाढीला बसलो. जन्मात पहिल्यांदा परक्याचा वस्तरा गळ्यावर आला आणि घामच फुटला. पण त्याचा हात इतका स्थिर होता की माझे डोळे मिटले. तेव्हा कळलं, तात्यांच्या खुर्चीत हल्ली मी श्वास रोखून बसतो.

दुकानात त्यांचा हात थरथरतो, ते तूही बघतोसच की. मी निघालो त्या सकाळी त्यांनी हौसेने माझी दाढी केली, कानाखाली कापलं, आणि तू मुकाट्याने तुरटी पुढे केलीस. आता त्यांना गल्ल्यावर बसव. आकांडतांडव करतील, करू देत.

इथल्या न्हाव्याने ती जखम पाहून खुणेनेच विचारलं, कुणी केलं हे? मी स्वतःकडे बोट दाखवलं.

गिऱ्हाईक तसं दाखवणार नाही, दादा.

तुझा,
धाकटा