खाटेशी एक माणूस

रविवार, २ फेब्रुवारी
आमच्या खानदेश बंधू मंडळाची सभा झाली. हजेरी सतरा. एके काळी इथं सिल्वासात सभा म्हटली की हॉलबाहेर चपला हरवायच्या. आज प्रत्येकाची चप्पल ओळखता आली.
अध्यक्ष पप्पू. धंदा लेबर कॉन्ट्रॅक्टचा, कर्तृत्व गणपतीतला डीजे. त्याच्या ऑफिसातल्या धनश्री मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवली. म्हणाल्या, संस्था आपला पर्पज विसरली की लोकांचा ट्रस्ट उडतो. मी उठलोच. म्हटलं, पर्पज मला विचारा. चौऱ्याण्णव साली मंडळ माझ्या खोलीत सुरू झालं. कलम एकच होतं. आपला कुणी कंपनीत जायबंदी झाला तर गावाहून घरचं माणूस येईपर्यंत त्याच्या खाटेशी मंडळाचा एक माणूस.
टाळ्या. पप्पू म्हणाला, मग वाळूआप्पा, तुम्हीच घ्या मनावर. मूळ उद्देश समिती स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य नंतर.
मागे कोणीतरी हसलं. लक्ष दिलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी सहा.
झोप नाही. छातीत धडधड. उत्साह असावा.
संकल्प : रोज एक तास समितीचं काम. आधी शिक्का. शिक्केवाला म्हणाला, काका, बे लाइनथी वधारे नहीं आवे. दोनच ओळी बसतात म्हणे. मंडळाचं नाव आणि 'अध्यक्ष, मूळ उद्देश समिती' एवढंच घेतलं. कलम गाळावं लागलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी
खडोलीच्या एका कंपनीत वाल्मिकचा उजवा हात रोलरमध्ये गेला. पारोळ्याकडचा आहे, वय अठ्ठावीस, इथं एकटाच खोली करून राहतो. बायको बाळंतपणाला माहेरी, वडील अंथरुणावर. गावाहून येणारं कोणी नाही.
पप्पूचा फोन आला. म्हणाला, आप्पा, बोहनी झाली तुमच्या समितीची. वाईट बोलतो. मी म्हटलं, व्यवस्था लावतो.
पट्टी घेऊन ड्यूटीचा तक्ता आखला. नऊ नावं. मी निरीक्षक. बाकीचे वेळेवर येतात की नाही, हे कोणीतरी पाहायला हवं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
तक्ता ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले. नऊच नावं होती, म्हणजे दोन जास्तच. समाधान वाटलं.
संध्याकाळी कळलं, दवाखान्यात कोणी गेलंच नाही. एकाला ओव्हरटाइम, एकाच्या मुलीची परीक्षा, एकजण म्हणाला मी तर नुसतं वाचलं म्हणून अंगठा दिला.
बायको बायडा म्हणाली, मग तुम्ही जा. म्हटलं, अध्यक्षच खाटेशी बसला तर समिती कोण चालवणार? ती म्हणाली, समितीत आहे कोण?
तिला संस्थेचं काम कळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
गेलो होतो. दवाखान्याच्या फाटकापर्यंत. फिनेलचा वास आला आणि आठवलं, शिक्का घरी राहिला. ओळख काय दाखवणार? परत आलो.
बायडाला सांगितलं, शिक्क्याशिवाय आत सोडत नसतील. ती म्हणाली, हो का? सगळी खडोली आत जाऊन थुंकून येते, तुम्हालाच बरं अडवतात.
गुडघाही दुखत होता. ते तिला सांगितलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी
वाल्मिकचा फोन. डाव्या हातानं लावला म्हणाला. मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे, जवळचं कोणी असेल तर बरं, असं डॉक्टर म्हणतात. मग म्हणाला, आप्पा, तुम्ही याल ना?
म्हटलं, मंगळवारी आठ वाजता मी स्वतः. शब्द.
 पलीकडून श्वास सोडल्याचं ऐकू आलं. ट्रस्ट परत येताना असाच आवाज येत असावा.
ग्रुपवर टाकलं : 'ऑपरेशनला अध्यक्ष जातीने हजर राहतील. इतरांनी काळजी करू नये.'

रविवार, ९ फेब्रुवारी
ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, आप्पा, प्रभाकरच्या वेळी कुठं होता? मग पुसून टाकलं. पण मी वाचलं होतं.
एकदाच लिहून ठेवतो. २००९. प्रभाकर बॉयलरजवळ भाजला होता. ड्यूटी माझी होती. तो सारखं पाणी मागत होता आणि पाणी द्यायला मनाई होती. एखाद्यानं किती वेळ नाही म्हणायचं? मी नर्सला विचारायला बाहेर गेलो. बाहेर वारा होता. बाकावर जरा बसलो. परत आलो तर त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली.
मला कोणी एक शब्दही बोललं नाही. पुढच्या वर्षापासून ड्यूटीला नावं येणं कमी झालं. त्याचं कारण डीजे. हे मी धनश्री मॅडमना नीट समजावून सांगणार आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
पहाटे चारला उठलो. दाढी केली. इस्त्रीचा सदरा. बायडानं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बांधून दिली. सात वाजता दारात उभा.
घाम फुटला. म्हटलं, आधी प्रेशर तपासावं, आपणच तिथं पडलो तर त्या पोराला काय आधार? आमली भागातल्या डॉक्टरकडे नंबर लागायला नऊ वाजले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं छान आहे. तोवर ऑपरेशन सुरू झालं असणार. आत कोणालाच सोडत नाहीत. मग जाऊन उपयोग काय?
फोन तीनदा वाजला होता. दोनदा खिशात कळलंच नाही. तिसऱ्यांदा डॉक्टर नाडी बघत होते.
भाकरी बागेत बसून खाल्ली. वाया घालवणं बरं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
 बायडा सकाळी एवढंच म्हणाली, मी जाणार होते, तुम्ही शब्द दिला म्हणून घरी थांबले.
दुपारी पप्पू आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, आप्पा, दोन माणसं मी सुटी देऊन पाठवत होतो. तुमचा मेसेज वाचला आणि कामावर लावली. तुम्ही नुसतं गप्प राहिला असता तरी त्याच्याजवळ कोणीतरी असतं.
समन्वयाचा अभाव. पुढच्या सभेत विषय घेतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
गेलो. कोणी अडवलं नाही.
तीन बोटं गेली, दोन राहिली. शेजारच्या खाटेवर एक बिहारी माणूस आहे, त्याची बायको वाल्मिकला चमच्यानं खिचडी भरवत होती. तिनं मला विचारलं, आप इसके कौन हैं? म्हटलं, अध्यक्ष. ती पुन्हा म्हणाली, वो ठीक है, इसके कौन हैं?
वाल्मिकच म्हणाला, गाववाले हैं, भाभी. त्यानं मला स्टूल दाखवलं. बसलो. प्रेशरचं सांगायची तयारी करून गेलो होतो. त्यानं विचारलं नाही. म्हणाला, परवा आत नेताना तुम्हालाच फोन लावत होतो, तेवढ्यात स्ट्रेचर हललं. फोन कोणाकडे द्यावा कळेना. या भाभीनं घेतला, मी बाहेर येईपर्यंत दारातच उभी होती.
 नळ गळत होता.
वाल्मिक म्हणाला, जा आप्पा तुम्ही, तुम्हाला इथं त्रास होतो. एकट्याची सवय झाली मला.
रागानं म्हणाला नाही. समजूतदार आहे.
दोन मिनिटं आणखी बसलो. तोच जा म्हणाला होता, म्हणून निघालो.