बत्तीस वर्षांत टाका न हललेला कोट

अमरावती, मंगळवार

आदरणीय नत्थुजी यांस,

तुमचा भाटवा (पुस्तकी मराठीत मेहुणा) केशव याचा रामराम घ्यावा. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून तसं समजावं. तुमच्या गुडघ्याचं पाणी काढलं का? मेथीवरची माव्याची कीड गेली का? तुमच्या पार्बताबाईंनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं मुरलं आहे. मीच खातो आहे, कारण घरात दुसरं खाणारं कोणी नाही. तुमची भाची वर्षाली सकाळीच ऑफिसला जाते आणि जाताना कुकरमध्ये काहीतरी ठेवते. ते काय असतं, हे झाकण उघडूनही कळत नाही.

तुमची बहीण गेले नऊ दिवस तुमच्याकडे आहे. तिच्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. ती कधी येणार हे विचारायला हे पत्र नाही. लग्नाला अठरा दिवस उरले आहेत, नवरीचा बाप अमरावतीत आणि आई अकोल्यात आहे, आणि शेजारणींना मी ‘रुखवताच्या कामाला गेली’ असं सांगत सुटलो आहे, हे केवळ तुमच्या माहितीसाठी. फोन का नाही केला म्हणाल, तर तुम्ही फोन आला की स्पीकर लावता, आणि गंभीर बोलण्याच्या मध्येच पार्बताबाई वांग्याचा भाव सांगतात. पत्राला स्पीकर नसतो.

साक्षगंधाला तुम्ही गुडघ्यामुळे येऊ शकला नाहीत. त्यामुळे तिथं काय झालं याची फिर्यादी पक्षाचीच बाजू तुमच्या कानावर आली असणार. आता खरी हकीकत ऐका. तिवशाची मंडळी वेळेवर आली. पियुष मुलगा बरा आहे (केस विचित्र कापतो, पण डोकं आतून ठीक वाटतं). अंगठ्या झाल्या, फोटो झाले, आणि पियुषच्या आईनं वर्षालीला विचारलं की लग्नात काय नेसणार. तर आमची चिरंजीव म्हणते, आईचा लग्नातला शालू अल्टर करून त्याचा घागरा करणार. तिची आई, म्हणजे तुमची बहीण, मान डोलावते. पियुषची आई म्हणते, अय्या, अल्टर करून किती छान होईल. मग पाच मिनिटं त्या मांडवात अल्टर, अल्टर, अल्टर. जणू शेंगदाणे वाटत होते. नत्थुजी, मी एकतीस वर्षं वलगावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शब्दांची अशी धूळधाण डोळ्यांदेखत होताना मी गप्प बसायचं, तर मग पेन्शन कशाची घेतो?

तेवढ्यात पियुषच्या वडिलांनी मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. त्यांना माझा परिचय नव्हता. मी एकाच शब्दावर बोललो, पण तो पूर्ण बोललो. मी सांगितलं की हे क्रियापद इंग्रजांचं स्वतःचं नाही. त्यांचं स्वतःचं असतंच काय? ते त्यांनी फ्रेंचांकडून उचललं, फ्रेंचांनी लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘अल्टर’ म्हणजे ‘दुसरा’. तोही कुठलाही दुसरा नाही, दोघांतला दुसरा. तेव्हा एखादी गोष्ट अल्टर केली म्हणजे ती सुधारली, सजवली, बेतली असं नव्हे. ती दुसरी झाली. पहिली मेली. आईच्या शालूला कात्री लावून जे होईल ते आईचं काही राहणार नाही, तो एक रंगीत पडदा असेल आणि त्यात आमची मुलगी उभी असेल. इथं मी विरामासाठी थांबलो. त्या विरामात पियुषचे मामा किशोर (परतवाड्याला गुरांचे डॉक्टर आहेत, आणि तसेच बोलतात) म्हणाले की अमेरिकेत कुत्र्याचं ऑपरेशन करून त्याची पुढची वंशावळ बंद करतात, त्यालाही अल्टर करणं म्हणतात. हा अर्थ शब्दकोशात आहे. पण साक्षगंधात तो काढायची गरज होती का? सगळा मांडव हसला, आणि मागे स्वयंपाक्यांनी वांग्याची भाजी तिसऱ्यांदा गरम करायला घेतली.

हसण्यानं मी खचत नाही. मी शेवटचा पुरावा काढला, आणि तो माझ्या अंगावरच होता. तुमच्या वडिलांनी मला लग्नात जो कॉफी रंगाचा सूट शिवून दिला, त्यातला कोट. तुम्ही स्वतः अकोल्याला मापाच्या दिवशी माझ्यासोबत होता, तुम्हाला आठवत असेल. (त्याची पँट अठरा वर्षांपूर्वी श्याम लाँड्रीवाल्यानं खाल्ली. ती जखम ताजी आहे, पुढे येईल.) मी सगळ्यांसमोर कोटाची तिन्ही बटणं लावली आणि म्हणालो, बत्तीस वर्षं झाली, या कोटाचा एक टाका हललेला नाही. ज्याला बदलायचं नसतं त्याला काही अल्टर करावं लागत नाही. हा कोट तोच आहे, आणि मीही तोच आहे.

आणि तुमची बहीण हसली.

मोठ्यानं नाही. नाकातून, एकदाच. किशोररावांच्या विनोदाला ती हसली नव्हती, हे मी पाहिलं होतं. मी विचारलं, का हसलात? ती म्हणाली, काही नाही. मी पुन्हा विचारलं. (वर्गात मी कधीच सोडत नसे.) ती पुन्हा म्हणाली, काही नाही. तेव्हा मी जे बोललो ते लिहितो, कारण ते तुम्हाला कळलंच असेल. मी म्हणालो, ‘हसायला अक्कल लागत नाही, माणिकबाई. भाषा कळायला लागते. तुम्ही आपलं शिवणकाम पाहा.’ यावर टाळ्या पडल्या नाहीत. पियुषच्या आईनं तिला पाण्याचा पेला नेऊन दिला, जणू तिला चक्कर आली होती. मला वाटतं ते जरा नाटकीच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर आतल्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं उशीचे अभ्रे शिवते आहे. रागावली की ती अभ्रे शिवते, आमच्याकडे डोक्यांपेक्षा अभ्रे जास्त आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. सोबत शालू, मोठी कात्री, आणि शिलाई मशीनची बॉबिन केस. ती छोटीशी डबी नसली तर ते मशीन म्हणजे नुसतं जड टेबल असतं, हे मला नंतर कळलं. दारातून ती एवढंच म्हणाली, ‘तुमचा कोट कपाटात ठेवला हाय. माह्या बाबानं देल्ला तवा जसा व्हता, तसाच हाय.’ मी म्हणालो, तसाच असणार, मी परवा सभेत तेच सांगत होतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी नापास होणाऱ्या पोरांकडे पाहत असे, आणि गेली.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. परवा रविवारी तिवशाला पत्रिका द्यायला जायचं म्हणून कोट काढला. उजवा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. मी बराच वेळ तसाच पलंगावर बसलो होतो. वर्षाली आली, तिनं ओढून मला सोडवलं, कोट उलटा करून आत डोकावली आणि म्हणाली, ‘बाबा, आईले विचारा.’ मी म्हणालो, कोट आटला आहे, यात आईचा काय संबंध? ती तोंडावर हात ठेवून आत निघून गेली. घरात हसण्याची साथच आलेली दिसते.

मी कोट घेऊन तडक श्यामकडे गेलो. त्याला सांगितलं की आधी पँट खाल्लीस, आता कोट आटवलास. तो म्हणाला, हा कोट तीन वर्षांत माझ्याकडे आलाच नाही, बाई घरीच धुतात. पँटीचं तर त्यानं अठरा वर्षांत दिलं तेच उत्तर दिलं, की त्यानं ती पाहिलीच नाही. मी त्याला चोर म्हणालो, चार गिऱ्हाइकांसमोर. तेव्हा तो इस्त्री बाजूला ठेवून शांतपणे म्हणाला, ‘सर, कापड आटते. माणूस नाही आटत.’ या धंद्यातली माणसं आता तत्त्वज्ञानही सांगायला लागली आहेत.

तिथून डोमाजी टेलरकडे. डोमाजीच्या पाटीवर ‘येथे सर्व प्रकारचे अल्टर होईल’ असं लिहिलेलं आहे, म्हणून एरवी मी त्याच्या दुकानावरून मान वळवून जातो. त्यानं कोट हातात घेतला, उलटा केला, काखेपाशी नाक लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कोटाकडे. गुरुवारी या म्हणाला. ज्याला कोटाकडे बघून निदान करता येत नाही तो टेलर कसला? सध्याच्या जगात कोणालाच आपलं काम येत नाही, हे मी तुम्हाला वेळोवेळी कळवत आलो आहे.

असो. लोभ आहेच, तो आटू देऊ नये. गुडघ्याला एरंडाचं तेल लावा. तुमच्या घरी सध्या जे कोणी पाहुणे असतील त्यांना माझ्याकडून काहीही सांगू नये.

तुमचा भाटवा,
केशव

ता. क. हे पत्र परवा टाकायचं राहून गेलं. आज गुरुवार. डोमाजीकडे जाऊन आलो. त्यानं अस्तर उसवून कोट माझ्यापुढे मांडला होता. बाजूच्या शिलाईत सुईच्या जुन्या छिद्रांच्या ओळी, एकीबाहेर एक. पहिली मूळची ओळ सोडून मी मोजल्या, अकरा आहेत. दोन्ही काखांखाली त्याच कापडाच्या पट्ट्या जोडून काढलेल्याच्या खुणा. त्या पट्ट्या तिनं कोटाच्याच खिशात घडी करून ठेवल्या आहेत, त्या पँटीच्या आहेत. मग या सगळ्याच्या आत, पहिल्या ओळीवर, एक ताजी शिलाई. डोमाजी म्हणाला, ‘सर, हे कोण्या टेलरचं काम नाही, घरचं हाय. दर दोन-तीन वर्साले कोणीतरी तुमच्यासाठी बोटबोट शिलाई सोडत आलं. अन् आता एका दुपारी सारं पयल्यासारकं करून टाकलं.’ मी म्हणालो, मग ते पुन्हा सोड. तो म्हणाला, ‘मी नाही हात लावत. जिनं सोडलं तिलेच सांगा.’ आणि पैसेही घेतले नाहीत.

ता. क. २. येताना श्यामच्या दुकानात गेलो. अठरा वर्षांची माफी एकदम मागायची म्हणजे सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी म्हणालो, पँट सापडली. त्यानं विचारलं, कुठं? मी म्हणालो, काखेत. त्यानं चहा मागवला.

ता. क. ३. नत्थुजी, आता वरचं सगळं सोडून द्या आणि हे वाचा. मी बत्तीस वर्षं प्रत्येक लग्नात तीच तीन बटणं लावत आलो आणि लोकांना सांगत आलो की पाहा, मी तोच आहे. ती शेजारी बसून ऐकायची. अकरा वेळा तिनं कोट दुसरा केला, आणि अकराही वेळा मी तो आपलाच म्हणून घातला. तेव्हा दुसरं झालं की पहिलं मरतं हे माझं साक्षगंधातलं विधान चुकीचं होतं. शब्दकोश मी आत्ता पुन्हा उघडला. भांडणाला जो ‘अल्टर्केशन’ शब्द आहे तो याच मुळातून आला आहे, आणि परोपकाराला जो ‘अल्ट्रुइझम’ आहे तोही याच घरचा. भाषणात मी ही ओळ वेळेअभावी गाळली होती. (वेळ भरपूर होता. मला कुत्र्याचा राग आला होता.) शालूला कात्री लावायला तिला सांगा. पडदा म्हणालो ते मागे घेतो. अकलेबद्दल जे बोललो तेही, आणि ते मी तिवशाच्या मंडळींसमोर मागे घेईन, कारण त्यांच्यासमोरच बोललो होतो. पियुषच्या वडिलांना कळवलं आहे की या वेळी खरोखर दोनच शब्द असतील. त्यांनी ते लेखी मागितलं आहे.

ता. क. ४. तिसरा ताजा कलम तिला वाचून दाखवू नये. कोट काखेत दाटतो, एवढंच सांगावं.

ता. क. ५. किंवा दाखवा. मी शनिवारी सकाळच्या एसटीनं येतो आहे. कोट घालून येणार होतो, पण तो अंगात जात नाही, म्हणून हातात घेऊन येतो. मला दारात तसं पाहून ती पुन्हा नाकातून हसली, तर या वेळी मी कारण विचारणार नाही.