खिनचा फोटो

शनि. ६ डिसेंबर
खिनबरोबर सिटीत गेले. आमच्या न्यू लिन उपनगरातल्या फार्मसीत ती चार वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गोळ्या भरते, पण तिच्या लोकांच्या निदर्शनांना मी आज पहिल्यांदाच. म्यानमारचं सैन्य महिनाअखेर निवडणूक घेतंय. निदर्शकांचं म्हणणं, गणवेश उतरवून तेच पुन्हा खुर्चीत बसणार. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मी अर्थात डबा घेऊन गेलेली. खिनला खोबऱ्याची वडी दिली, तिनं मास्क खाली केला, बोर्ड काखेत, हसली. फोटो फार सुंदर आला. घरी येऊन मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. 'माझी मैत्रीण खिन, मंडालेची. लोकशाहीसाठी रस्त्यावर.' चाळीसेक अंगठे. खूश.

सोम. ८
खिन मला 'मा शुभा' म्हणते. त्यांच्यात मा म्हणजे ताई. आज नुसतं 'शुभा' म्हणाली. फोटो फिरत फिरत कुणाच्या तरी पेजवर, तिथून मंडालेतल्या तिच्या मावसबहिणीकडे. "नाव का लिहिलंस? गाव का लिहिलंस?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. खिनला आई नाही, बाबा तिकडे एकटे. मुलगी इथे काय करते हे त्यांच्या गल्लीत आजवर कोणाला माहीत नव्हतं.
मास्क कशासाठी असतो हे मला, फार्मसिस्टला, दुसऱ्याने सांगावं.

मंगळ. ९
मी टाकलेला फोटो कालच ग्रुपवरून काढून टाकला. पण पुढे गेलेल्यांचं काय. मंडळाच्या केळकरांना फोन केला. "अहो, मी तर आमच्या ठाण्याच्या ग्रुपवरही टाकला. किती बोलका फोटो." मग एकेकाला धरून फोन. कोणी सॉरी म्हणतं, कोणी विचारतं, म्यानमार म्हणजे आपला ब्रह्मदेशच ना. नवरा म्हणाला, "उगाच जिवाला लावून घेतेस. एवढ्याशा फोटोकडे कोण बघतंय." ईरा जिन्यातून म्हणाली, "आई, यू डॉक्स्ड हर." म्हणजे काय विचारलं. म्हणजे एखाद्याचं नाव-गाव चव्हाट्यावर मांडणं, त्याला धोका आहे हे माहीत असून. म्हटलं, मला माहीत नव्हतं. "मास्क दिसत होता ना?" हे मात्र मराठीत.


रवि. १४
शेजारच्या अवोन्डेलच्या बाजारात खिन दिसली. हातात कोथिंबिरीची जुडी, पैसे द्यायचं भान नाही. म्हणाली, मंडालेत वॉर्ड ऑफिसची माणसं मतदारयादी तपासायला म्हणून बाबांकडे येऊन गेली. मुलगी कुठे असते, कोणात मिसळते, विचारलं. फोटो बघून आली की खरंच यादीसाठी, कळायला मार्ग नाही. दिवसभर स्वतःला समजावतेय. यादीसाठीच असेल. दर वेळी जरा कमी पटतं.

गुरु. १८
दुपारी मागच्या खोलीत खिन आपणहून बोलली. बाबा शाळामास्तर. मागच्या खऱ्या निवडणुकीत केंद्रावर ड्यूटी होती, मतं त्यांनी स्वतः मोजली. पुढे सैन्याने ती निवडणूकच रद्द केली. तेव्हापासून एकच म्हणतात, यांच्या केंद्रात पाय ठेवणार नाही, यांची शाई बोटाला लावून घेणार नाही.
आमचे बाबाही मास्तर. इलेक्शन ड्यूटीहून आले की पेटी सील करताना लाखेचा चटका बसलेलं बोट दाखवायचे, कौतुकाने. हे खिनला सांगायला लागले आणि मध्येच थांबले. कारण ती म्हणाली, "आता मतदानाला जातो म्हणतायत. माझ्यासाठी. बोटाला शाई दिसली की माणसं परत यायची नाहीत, असं त्यांना वाटतं."
तिच्यासाठी म्हणजे, सरळ लिहायचं तर, माझ्यामुळे.
ओळखीच्या पहिल्याच दिवशी मी तिला म्हणाले होते, मंडाले म्हटलं की आम्हाला तुरुंगच आठवतो. शाळेत धडा होता ना आम्हाला. काय हौस बोलायची.

शुक्र. २६
ख्रिसमसचा केक कालपासून तसाच. खिनला मेसेज केला, रविवारी एकटी बसू नकोस, आमच्याकडे ये. 
संध्याकाळी: 'येईन.'

रवि. २८
आज मतदान. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ. खिन बाराला आली, फोन टेबलावर उलटा ठेवून बसली. नवरा तीनदा चहा घेऊन आला. ईरा तिच्या शेजारी जाऊन बसली. मी पोहे केले, कोणी खाल्ले नाहीत.
चारला तिच्या बाबांचा फोन. नुसता आवाज, व्हिडिओ नाही. मला भाषा कळत नाही, चेहरा बघत होते. दोन मिनिटं. मग खिनने सांगितलं, "बरे आहेत. गुडघा दुखतोय. मी विचारलं, गेला होतात? तर म्हणाले, तुझ्याकडे उन्हाळा आहे ना, भरपूर पाणी पी."
पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. माझी तर विचारूच नये.

सोम. ५ जाने.
ग्रुपवर कोणीतरी टाकलंय, 'म्यानमारमध्ये अखेर लोकशाहीची पहाट.' खाली टाळ्या. बरंच लिहिलं, पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: 'खात्री नसेल तर पुढे पाठवू नका.' केळकरांचा अंगठा.
दुकानात खिनने फोन पुढे केला. "मा शुभा, बघ." किती दिवसांनी 'मा'. बाबांचा फोटो, शेजाऱ्याने काढलेला. दारात उभे, इस्त्रीचा शर्ट, ताठ, वर्गासमोर उभे राहावेत तसे. दोन्ही हात पाठीमागे.
फोटो मोठा करून पाहिला. तिनेही पाहिला असणार, कितीतरी वेळा. बोटं काही दिसत नाहीत.
"तुला पाठवू?" म्हणाली.
नको म्हणाले. तुझ्याकडेच राहू दे.