पट्ट्यावरचा लाल टाका

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा चष्मे बनवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. दाब आहे तो फक्त झोपेच्या मशीनचा, तोही डॉक्टरांनी ठरवलेला.

१. मागच्या महिन्यातले मृत्युपत्र रद्द समजावे. तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर डुलक्या घेत होतो आणि आपले थोडेच दिवस उरले असे समजून सगळे वाटून मोकळा झालो होतो. झोपेत माझा श्वास थांबतो. तो थांबू नये म्हणून मशीन नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये हवा सोडते. मास्कच्या पट्ट्यावर पत्नीने नेमक्या मापावर लाल टाका घातला होता. गेल्या वर्षी ती गेली. माझा चेहरा वाळला, मास्क सैल झाला, हवा डोळ्यांत शिट्ट्या मारू लागली. टाका उसवायला हात धजेना, म्हणून मशीनच बंद करून ठेवले.

२. राहते घर थोरल्या बहिणीला, ताईला. आधीच्या मृत्युपत्राची प्रत मिळताच ती तडक आली.

"घर घाल चुलीत. मास्क आण आधी." पट्टा पाहून म्हणाली, "अरे, चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवलेस ना? गिऱ्हाईक वाळलं तर दांडी वाकवतोस, की ते परत फुगायची वाट बघतोस?"

"टाका तिचा आहे, ताई."

"तुझा श्वास चालावा म्हणून घातला होता तिनं. तू गुदमरावास म्हणून नाही."

कात्री तिने दिली. उसवला मी. पट्टा दोन बोटे आवळला.

३. त्यानंतर मी सलग सात तास झोपलो. सकाळी जिना शीळ घालत उतरलो; शेजारीण दार उघडून बघत राहिली. सबब भाचीला दिलेली सायकल परत घेत आहे, मला लागते. काचा घासायचे यंत्र तिलाच मिळेल, पण घाई करू नये.

४. पत्नीच्या भावाला काही नाही. त्याने तीस वर्षे प्रत्येक लग्नात माझ्या घोरण्याची नक्कल केली. मात्र तोही घोरता घोरता मध्येच गप्प होतो, असे त्याची बायको हसत सांगते. त्याच्या झोपेच्या तपासणीचा खर्च माझ्या शिलकीतून व्हावा. माझ्या मरणाची वाट पाहू नये. सोमवारची वेळ घेतली आहे. माझे मशीन त्याला लावू नये, प्रत्येकाचा दाब वेगळा असतो.

५. पलंग कोणाला द्यावा हे ठरलेले नाही. वर्षभर मी खुर्चीतच झोपत होतो. आता पलंगावर झोपतो, माझ्या बाजूला. तो सध्या वापरात आहे.

ठिकाण : दुकान, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : ७ मार्च, दुपारचे जेवण झाल्यावर
सही : (चष्मेवाले)

साक्षीदार :
१. शेजारीण, संगीत शिक्षिका
२. झोपेच्या विकारांच्या डॉक्टर (लिहिणारे शेवटपर्यंत जागे होते, हे समक्ष पाहिले.)