डेअरीतला बुधवार

१३ मार्च २०१९, बुधवार

झालं! नेलं एकदाचं ह्यांना! फसवून नेलं, पण नेलं. हातात बादली दिली न् म्हणलं, चला, डेअरीत दूध घालून येऊ. बादलीत दूध किती? बुडाला लागलेलं! दोन गाई, त्याही दुष्काळाच्या चारा छावणीतल्या वाळक्या उसावर; आम्हीपण तिथंच पाल ठोकून. त्या तरी कुठून देतील?

डेअरीच्या मागच्या खोलीत बुधवारी मनाच्या डॉक्टर मॅडम बसायला लागल्यात. खोली चेअरमन विठ्ठलरावांनी दिली. "दूधच नाही तर रिकाम्या खोलीचं काय लोणचं घालू?" म्हणले. अन् युक्ती बघा — बादली घेऊन डेअरीत गेलेला माणूस दुधाला गेला का डोक्याला गेला, कुणाच्या बापाला कळत नाही! रांगेत सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या. दूध मोजणारा सुग्रीव हसून म्हणला, "एवढी गर्दी सुकाळात पन न्हवती!"

मॅडमनी सगळं ऐकलं. दारूचंही, हाकांचंही. ह्यांना हाका येतात — "सिदू, ऊठ, मेंढरं तहानली!" मेंढरं तर मागच्या दुष्काळातच विकली. हाका बंद व्हाव्यात म्हणून पितात, अन् उतरली की हाका दुप्पट. व्यसनमुक्तीवाले म्हणले, आधी डोक्याचं बघा मग आणा. डोक्याचे डॉक्टर म्हणले, आधी दारू सोडवा मग आणा. म्हणजे मी काय, माणूस मधोमध चिरून अर्धा इकडं अर्धा तिकडं न्यायचा? लई भांडले होते तिथं.

ह्या मॅडम म्हणल्या, "माणूस एकच आहे ना? मग दोन्ही बरोबरच बघू." मी पाया पडले! त्या नको नको म्हणत होत्या तरी पडले!

घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, विचारलं. माझ्या आधी बरोबर आलेल्या आत्याच उसळल्या — सासूबाई माझ्या, साखराबाई, जीभ म्हणजे विळा. "आमच्या घरान्यात येडं कुनी न्हाई! दारूचं सोंग हाय समदं. दारू सुटली की समदं सुटंल." मॅडमनी ते लिहून घेतलं. गोळ्या दिल्या. पहिले काही दिवस हातपाय थरथरतील म्हणून सिस्टर रोज छावणीत येऊन बघणार आहे.

१४ मार्च

झोपले! पडल्यासारखे नाही, झोपल्यासारखे झोपले! मीच येडी सारखी उठून नाकापुढं हात धरून बघत होते.

२१ मार्च, धुळवड

धुळवड म्हणजे छावणीत ड्रमनं दारू. ह्यांचा पिण्यातला दोस्त गहिनीनाथ आलाच सकाळी लाल तोंड घेऊन. "चल बे सिद्या, बायकोच्या पदरात कशापायी बसलास?" ह्यांचं उत्तर ऐकून मी हातातलं पीठ सांडलं. "गोळ्या चालू हायेत माझ्या," म्हणले. मोठ्यानं! चारचौघांत! अन् उठून गाईपुढं चिपाडं टाकायला गेले.

गूळ होता थोडा. शिरा केला. आत्यांनी पण खाल्ला.

३ एप्रिल, बुधवार

आता पिणारे सगळे डेअरीत कॅन पालथे घालून गोल बसतात अन् बोलतात. आज हे बोलले! "हाका हायेत अजून, पन लांबून येत्यात. टेकडीच्या पल्याडून आल्यावानी." हिवऱ्याचा एक म्हातारा म्हणला, मला वाटलं फक्त मलाच येत्यात. दोघं नंतर तंबाखू चोळत बसलेले मी बघितले. ह्यांना दोस्त मिळाला!

६ एप्रिल, पाडवा

आज तर बाई आनंदच आनंद! छावणीत आमच्या पालाच्या मेढीला गुढी उभारली. मग आत्या ह्यांना घेऊन बिरोबाच्या देवळात. ह्यांनी भंडारा, देवाची हळद, हातात उचलून शपथ घेतली — "आजपासनं कुठलीच नशा अंगाला लावनार न्हाई." धनगराच्या माणसानं बिरोबाचा भंडारा उचलला म्हणजे संपलं! आता देव जरी आडवा आला तरी मोडायचा नाही. मी रडले, आत्यांचेही डोळे भरले. आत्या म्हणल्या, "बघ, सुटलं का न्हाई!" आज मी वाद घातला नाही.

१२ एप्रिल

प्रचाराच्या गाड्या आल्या की दारू फुकट, अन् हे तिकडं बघत पण नाहीत! विठ्ठलरावांनी सगळ्यांपुढं पाठ थोपटली. पाऊस पडला की घरी जायचं, भिंतींना चुना लावायचा, शेळ्या घ्यायच्या — सगळं ठरवून टाकलं मी. हे जरा गप्प असतात. असू दे. माणूस काय सारखा हसत बसणार का?

१७ एप्रिल, बुधवार

काय लिहू? दिवस उजाडता उजाडता आरडाओरडा झाला. जाऊन बघते तर हे टँकरच्या पाण्याचे ड्रम एकामागून एक जमिनीवर ओततायत न् "हुर्र, हुर्र" करून मेंढरं बोलवतायत. तिथं मेंढरू नाही न् काय नाही! पाणी असं चालायलंय मातीतून! बायका शिव्या देत होत्या. "पिऊन आला! भंडारा मोडला!" आत्या पुढं झाल्या, ह्यांचं तोंड धरलं अन् वास घेतला. मग परत घेतला. वासच नाही. आत्या तिथंच चिखलात बसल्या, उठवल्या तरी उठेनात.

गोळ्या सापडल्या — पाडव्यापासूनच्या सगळ्या, धोतराच्या सोग्यात बांधलेल्या! मी ओरडले, का घेतल्या नाहीत? कसे लहान लेकरासारखे बघत होते. "अगं, गोळीनं गुंगी येती. गुंगी येती ती नशाच की. म्या भंडारा उचललाय." आत्यांनीच तसं सांगितलं होतं म्हणे. आता ह्या माणसावर चिडावं तरी कसं? इमानदारीनं आजारी पडला!

डॉक्टर मॅडमना सांगितलं. आधी ह्यांना तपासून गोळ्या नव्यानं दिल्या. मग डोकं खाजवलं. "मी घ्या म्हणून सांगून उपयोग नाही. भंडारा काही माझ्या हातचा नाही." मी म्हणलं, ज्याच्या हातचा आहे त्याच्याकडं जाऊ की! मॅडम हसल्या. लगेच चला म्हणल्या, पण पुजारी धुळाजीबाबा मेंढरांमागं लांब गेलते.

१९ एप्रिल

सापडले धुळाजीबाबा! मी, हे, आत्या, मॅडम — जीपमध्ये दाटीवाटीनं. बाबांनी गोळी तळहातावर घेतली, वास घेतला, उलटीपालटी केली. मग ह्यांना म्हणले, "सिदू, हिच्यापायी कवा बायकोची भांडी इकलीस?" न्हाई. "हिच्यापायी कवा आईवर हात उगारलास?" न्हाई. "उंद्या न्हाई मिळाली तर कुनाच्या दारात लोळशील?" न्हाई. "मंग नशा कशाची बे ही? औषिद हाय. तुला भंडारा दिला त्यो ऱ्हायला पाह्यजे म्हनून तर ही घ्यायची!" अन् गोळीला चिमूटभर भंडारा लावून ह्यांच्या तोंडात टाकली. मॅडमनी पाणी दिलं. देव न् डॉक्टर एकाच वेळी! मी टाळ्याच वाजवल्या!

येताना आत्या जीपमध्ये तोंड फिरवून बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, हरल्या म्हणून फुगल्या असतील. फुगू दे म्हणलं.

२१ एप्रिल

रोज सकाळ-संध्याकाळ गोळी भंडारा लावून घेतात. आज दुपारी झोप झाल्यावर स्वतः होऊन ड्रम भरायला रांगेत उभे राहिले. बायकांनी जागा दिली.

२४ एप्रिल, बुधवार

आज आत्या स्वतःच बादली घेऊन निघाल्या. मॅडमनी काही विचारलं नव्हतं. आत्या स्टुलावर बसल्या, पदर सारखा केला न् म्हणल्या — "ह्याचा बाप विहिरीत पाय घसरून गेला म्हून समद्यांना सांगत आले, पन त्यो घसरला न्हाई, बाई. त्यालाबी हाका येत हुत्या. अन् त्यो दारूच्या थेंबाला शिवला न्हवता कवा. म्हनून म्या म्हनत हुते, माझ्या पोराचं दारूच आसू दे. दारू सुटती तरी."